अक्कांची विहीर आणि माझं नाक

मला पहिली नोकरी लागली ती डिग्रीमुळे नाही, नाकामुळे. हे आता मी हसत सांगते. तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं तर भांडले असते. भांडण माझ्या जिभेच्या टोकावरच असायचं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाले होते, पहिला वर्ग होता, आणि जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पाण्याच्या प्रयोगशाळेत जागा निघाली होती. मुलाखतीला तिथल्या प्रमुख सरांनी माझ्यापुढे काचेचे तीन चंबू ठेवले. तिन्हींत नितळ पाणी. म्हणाले, "यातला एक वेगळा आहे. कोणता ते सांगा."

मी एकेक हुंगला आणि मधला उचलून म्हटलं, "यात रॉकेल आहे, थेंबभर. आणि तुमच्या खिशात तपकीर आहे."

सरांनी खिशावर हात ठेवला. मग म्हणाले, "सोमवारपासून या."

तपकिरीनं त्यांचं स्वतःचं नाक कधीच कामातून गेलं होतं, म्हणून त्यांना माझं हवं होतं. फैजपूरला घरी सांगितलं तर आई म्हणाली, "एवढं शिकवलं ते वास घ्यायला?" वडील मात्र खूश. केळीच्या बागेत उभं राहून कुठला घड आधी पिकेल ते ते नुसत्या वासावरून सांगायचे. नाक त्यांचंच माझ्याकडे आलं होतं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. जळगावहून धुळ्याकडे जाताना हमरस्त्याच्या कडेला एक पेट्रोल पंप होता, बंद पडलेला. मालक कुठे गेला कुणाला ठाऊक नव्हतं, पण त्याची जमिनीखालची टाकी जागेवरच राहिली होती, आणि ती गळत होती. डिझेल मुरमातून झिरपत झिरपत शेजारच्या गावाच्या विहिरींना लागलं. सगळ्यात जवळची विहीर अक्कांची. अक्का साठीच्या पुढच्या, विधवा, अंगानं काटकुळ्या, आवाजानं खणखणीत. विहीर त्यांच्या नवऱ्यानं, म्हणजे आबांनी, तरुणपणी स्वतः सुरुंग लावून खोदलेली. दोन वर्षांपासून तिचं पाणी म्हैससुद्धा तोंडाला लावत नव्हती. एकानं गंमत म्हणून जळतं फडकं आत टाकलं तर पाण्यावर पिवळी, धुरकट ज्योत नाचायला लागली. तेव्हा सगळं गाव घाबरलं आणि पंचायतीत ठरलं की विहीर मुरूम टाकून बुजवायची.

गावाचे सरपंच होते, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. पोरंसोरं खेळतात, उद्या काही झालं तर कोण जबाबदार, एवढंच त्याचं म्हणणं. सरांनी जाऊन त्याला सांगितलं, "ही विहीर बुजवू नका. हिच्यातूनच घाण पाणी उपसायचं, स्वच्छ करायचं. विहीर आहे म्हणून तर घाण एका जागी ओढून घेता येते. आम्हाला एकदा लहान प्रमाणावर करून बघू द्या."

भाऊंनी विचार केला आणि म्हणाले, "आखाजीपर्यंत बघा. तोवर पाणी चांगलं निघालं तर विहीर राहील. नाही तर आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मुरमाचा ट्रॅक्टर येईल."

आखाजी का, तर अक्कांसाठी. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा दिवाळीहून मोठा सण. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि घरोघरी वारलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात. आबांची घागर अक्का दर वर्षी आबांच्याच विहिरीतून भरायच्या. दोन वर्षं त्यांना दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी मागून आणावं लागलं होतं. भाऊंना ते माहीत होतं. सगळ्या गावालाच माहीत होतं.

मग आम्ही कामाला लागलो. आम्ही म्हणजे सर, मी आणि धुळ्याचे एक वेल्डिंगवाले मिस्त्री, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. चाचांनी आयुष्यात धान्याच्या कोठ्या आणि ट्रॉल्या सोडून काही बनवलं नव्हतं, पण सरांनी कागदावर चित्र काढून दिलं की त्यावर हात ठेवून म्हणायचे, "हो जायेगा, साहब." आणि व्हायचंही. विहिरीतून मोटारीनं उपसलेलं पाणी आधी एका मोठ्या पिंपात. तिथे वर तरंगणारं डिझेल काढून घ्यायचं. मग ते पाणी बारा फुटी पत्र्याच्या मनोऱ्यावर चढवायचं आणि वरून पावसासारखं गाळत सोडायचं, खालून पंख्यानं वारा मारायचा. वाऱ्याबरोबर वास आकाशात जातो. शेवटी पाणी करवंटीच्या कोळशातून जायचं आणि तळाच्या तोटीतून बाहेर यायचं. वारा मारायला चाचांनी धान्य उफणायचा जुना पंखा बसवला. तो सुरू झाला की सबंध आळीत कुणाला कुणाचं ऐकू यायचं नाही, आणि माझ्यासारख्या भांडकुदळ बाईची पंचाईत व्हायची.

मनोऱ्यात भरायला पोकळ तुकडे हवे होते, म्हणजे पाणी त्यांच्यावरून फुटत फुटत खाली येतं. जळगावात प्लास्टिकच्या पाइपांना काय तोटा. सरांनी दोन दोन इंचांचे तुकडे करायचं ठरवलं आणि मग हजारो तुकडे कोण कापणार असा प्रश्न आला. बिबड्या-पापडांचे दिवस होते. अक्कांनी आळीतल्या बायकांना हाक मारली आणि त्या पापडाला बसाव्यात तशा ओट्यावर गोल करून करवतीनं पाइप कापायला बसल्या. माझ्याहून दुप्पट वेगानं कापायच्या. एकीनं मला विचारलं, "हाई बाई काय करस?" म्हणजे ही बाई काय काम करते. अक्का म्हणाल्या, "वास लेस." आणि सगळ्या करवती थांबल्या. "वास लेवानी नोकरी?" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. नाही तर मी चिडणार होते.

पहिल्या दिवशी तोटी सोडली आणि काळंकुट्ट पाणी बाहेर आलं. कोळसा धुऊन भरायचा असतो हे चाचांना सांगायचं राहिलं होतं, आणि सांगायचं काम माझं होतं. अक्कांनी त्या पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "यानापेक्षा डिझेल बरं व्हतं." मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही. कोळसा मात्र स्वतः धुतला, कोपरापर्यंत काळी होऊन.

मग खरी चाचणी सुरू झाली. आखाजी दहा दिवसांवर होती. सकाळी आठला लाइट यायची, दुपारी चारला जायची. तेवढा वेळ मोटार चालायची. मी दर दोन तासांनी तोटीचं पाणी हुंगायचं. सर पाठमोरे होऊन तीन चंबू भरायचे, दोनांत जळगावहून आणलेलं चांगलं पाणी, एकात तोटीचं. मला वेगळा ओळखता आला तर पाणी नापास. दुसरं काम, विहिरीची पातळी मोजायची. कॉलेजातला खडू मोजपट्टीला घासायचा, पट्टी आत सोडायची, खडू जिथपर्यंत भिजला ते लिहायचं. उपसा चालू असताना पातळी खाली जायला हवी. जितकी खाली जाईल तितकं आजूबाजूचं घाण पाणी विहिरीकडे ओढलं जातं, म्हणजे एका विहिरीतून अख्ख्या आळीचं पाणी सुधारता येतं. सगळा प्रयोग त्यावर होता.

पहिले दोन दिवस पातळी छान उतरली. मी पट्टी वर ओढून ओरडायचे, "सर, अजून हातभर खाली," आणि सर खूश व्हायचे. अक्का ओट्यावरून ऐकत असायच्या. सकाळी पहिला प्रश्न त्यांचा, "वास येस का, पोरी?" आणि मी म्हणायची, "येतो, अक्का. पण कमी होतोय."

दुपारचं जेवण त्यांच्याकडेच. मागच्या दारी, चुलीपाशी. कळण्याची भाकरी, भरीत, शेवभाजी. तिसऱ्या दिवशी जेवण फार वेळ चाललं. "आजून एक भाकर ले, पोरी." मी घेतली. "आजून एक." मी म्हटलं, अक्का, पोट फुटेल. त्यांनी ऐकलं नाही. सरांच्या ताटात तर नको नको म्हणताना दोनदा भरीत पडलं. जेवून आलो, पट्टी सोडली, आणि पातळी वर. चांगली दोन हात वर. आणि वास एकदम निम्म्यावर आला.

मी दोनदा मोजलं. सरांनी मोजलं. चौथ्या दिवशी तेच. जेवायच्या आधी पातळी खाली, जेवणानंतर वर. पाचव्या दिवशी तेच. सर वेडे झाले आनंदानं. म्हणाले, खडकात कुठेतरी फट आहे, तिच्यातून लांबचं चांगलं पाणी येतंय, हे कुठल्या पुस्तकात नाही. त्यांनी फटीचं चित्र काढलं, बाण काढले. मला काही ते पटत नव्हतं. खडकातल्या फटीला आमच्या जेवणाची वेळ कशी कळते? पण सरांपुढे काय बोलणार.

सहाव्या दिवशी भरितात मिरची लागली आणि मी पाण्यासाठी मधेच उठले. अक्का म्हणाल्या, "बैस, मी देस." मी ऐकलं नाही. माठ पुढच्या ओसरीत होता. बाहेर आले आणि बघते तर काय, विहिरीच्या कठड्याशी गावाचा पाण्याचा टँकर उभा आणि त्याची जाड नळी आमच्या विहिरीत सोडलेली. भोवती आळीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन गपचूप उभ्या. उफणायच्या पंख्यानं टँकरचा आवाज आम्हाला कधी कळलाच नव्हता.

मी ओरडले. फार ओरडले. "अक्का, हे काय चालवलंय तुम्ही? आमच्या आठवड्याची माती केलीत. सगळं लिहिलेलं फुकट गेलं. आता आखाजीला मुरूम टाकतील तेव्हा माझ्याकडे येऊ नका." माझ्या तोंडात भाकरीचा घास तसाच होता.

अक्का दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात भाकरी होती, माझ्यासाठी आणलेली. म्हणाल्या, "तुम्ही रोज म्हनतस, पानी खाले गयं, खाले गयं. मना घर पाव्हना उनात आनि हीर आटनी, आसं व्हवाले नको." माझ्याकडे पाहुणे यावेत आणि विहीर आटावी, असं कसं होऊ द्यायचं. आम्ही आनंदानं ओरडत होतो ते त्यांना काळजीचं वाटलं होतं. उन्हाळ्यात विहीर आटली की टँकर विहिरीत ओततात, ही त्यांची रीत. त्यांनी त्या रीतीनं आमचा प्रयोग वाचवायला घेतला होता.

मग मी हंड्यांकडे बघितलं. टँकर आळीला रोज एकच यायचा, पिण्यापुरता. मी एका बाईला विचारलं, मग तुम्ही पिता काय? ती म्हणाली, "चार रोज टँकरनं पानी लिधं नही. मळानी हीरवरथून आनतस." मळ्यातली विहीर गावापासून अर्ध्या कोसावर होती. भर उन्हाळ्यात त्या बायका डोक्यावर हंडे घेऊन तिकडून पाणी आणत होत्या, आणि आपल्या वाट्याचं पाणी आमच्या प्रयोगात ओतत होत्या. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही. मी तिथेच कठड्यावर बसले.

अक्का जवळ आल्या. "तुले राग उना का, पोरी?"

"आला होता," मी म्हटलं. "आता गेला."

सर हात धुऊन बाहेर आले, टँकर बघितला, नळी बघितली, आणि हसायला लागले. सर हसताना मी पहिल्यांदा पाहिले. खिशातून फटीचं चित्र काढलं, त्यावर पेन्सिलनं एक टँकर काढला आणि घडी घालून परत ठेवलं. ते चित्र त्यांनी पुढे निवृत्त होईपर्यंत टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

पण हसून दिवस परत येत नाहीत. चार दिवस उरले होते, आणि लिहिलेलं सगळं रद्द. मी अक्कांना बसवून समजावलं की विहीर आटायलाच हवी आहे. ती जितकी आटेल तितकी ती घाण आपल्याकडे ओढून घेईल. त्यांनी नीट ऐकलं. मग म्हणाल्या, हे आधी सांगायला काय झालं होतं? बरोबर होतं त्यांचं. सहा दिवस त्यांच्या चुलीपाशी जेवलो आणि त्यांच्याच विहिरीत काय चाललंय ते त्यांना सांगायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

त्या दिवसापासून पट्टी अक्काच धरायच्या. खडू कुठवर भिजला ते बोटानं दाखवायच्या आणि मी लिहायची. पातळी उतरली की आता ओट्यावरच्या बायका खूश व्हायच्या. शेजारच्या दोन विहिरींची पातळीही बोटबोट उतरायला लागली, म्हणजे ओढ तिथपर्यंत पोचत होती. चाचांनी पंख्याला लहान पुली लावून वारा वाढवला. तोटीच्या पाण्याचा वास रोज उतरत गेला. आखाजीच्या आदल्या दुपारी सरांनी तीन चंबू दिले आणि मला वेगळा ओळखायला फार वेळ लागला. पण ओळखला. कुठेतरी तळाशी होतं अजून. भाऊ उभे होते, ते ऐकून निघून गेले.

आईचं पत्र आलं होतं, आखाजीला ये म्हणून. मी कळवलं होतं की जमणार नाही. आखाजीच्या सकाळी आम्ही पोचलो तेव्हा अक्कांच्या दोन्ही लेकी आल्या होत्या, लिंबाला झोका बांधला होता, आणि ओट्यावर बांगड्यावाली बसली होती. मी सरळ मनोऱ्याकडे निघाले. अक्कांनी माझा हात धरला आणि मला बांगड्यावालीपुढे बसवलं. म्हणाल्या, "आखाजीले पोर माहेरले येस. तू आठे उनी. मंग आठेच तुनं माहेर." इथे आलीस, तर इथेच तुझं माहेर. आणि लेकींना भरल्या तशाच हिरव्या बांगड्या माझ्या हातात भरायला सांगितल्या.

मी रडले. लपवण्यात काही अर्थ नाही, हुंदके देऊन रडले. ज्या बाईवर मी घास तोंडात ठेवून ओरडले होते तिनं मला लेकीत बसवलं होतं. बांगड्या भरून झाल्या तरी डोळ्यांचं पाणी थांबेना.

आणि मग तोटी सोडली, सरांनी पाठ करून तीन चंबू भरले, आणि माझ्यापुढे ठेवले. भाऊ आले होते. आळीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या. मी पहिला चंबू नाकाशी नेला. काही नाही. दुसरा, काही नाही. तिसरा, काही नाही. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला खरं कारण ठाऊक होतं. रडून रडून माझं नाक पार चोंदलं होतं. त्या क्षणी कुणी माझ्यापुढे डिझेलचा डबा धरला असता तरी कळला नसता.

"सर," मी म्हटलं, "नाक बंद आहे."

सरांनी सगळ्यांकडे बघितलं. त्यांचं नाक तपकिरीनं खाल्लेलं. चाचांचं वेल्डिंगच्या धुरानं. भाऊ विडी ओढायचे. चाचा म्हणाले, "अक्काजी को दो ना."

सर कचरले. जिची विहीर तिलाच विचारायचं? पण दुसरं कुणी नव्हतं. अक्कांनी पदरानं हात पुसले, पहिला चंबू घेतला, डोळे मिटले. मग दुसरा. मग तिसरा. मग परत दुसरा घेतला आणि तो बराच वेळ नाकाशी धरून उभ्या राहिल्या. मग तो सरांपुढे केला.

"याले वास येस," त्या म्हणाल्या.

सरांनी चंबूच्या तळाची खूण बघितली आणि मान खाली घातली. तोटीचाच होता. ही बाई खोटं बोलू शकली असती, आणि बोलली नव्हती.

भाऊंनीच हळू आवाजात विचारलं, "डिझेलचा का, अक्का?"

"डिझेलना कशाना," अक्का म्हणाल्या. "मनी हीरना वास येस. पह्यलेना. दगडना, शेवाळना." त्यांनी परत चंबू नाकाशी नेला. "दोन वरीसमा उना नव्हता."

भाऊंनी चंबू घेतला, हुंगला, अक्कांच्या हातात परत दिला आणि म्हणाले, "ट्रॅक्टरवाल्याला नको म्हणून सांगतो." एवढंच बोलून ते निघून गेले.

सर पुढे होऊन म्हणाले की मुंबईहून तपासणीचा कागद येईपर्यंत हे पाणी प्यायचं नाही, फक्त पूजेला चालेल, आणि घागरीचं पाणी आबांच्या नावानं असलं तरी तीर्थ म्हणून कुणी तोंडात घालू नका. अक्का घागर तोटीखाली ठेवत म्हणाल्या, "त्यास्ले चालई. मरी गयेल मानूसले आखो काय व्हई?" मेलेल्या माणसाला आणखी काय होणार. लेकी तोंडाला पदर लावून हसल्या. घागर भरली. अक्कांनी ती उचलली तेव्हा मी खालून हात लावला.

दुपारपर्यंत माझं नाक उघडलं. मी तोटीचं पाणी पुन्हा पुन्हा हुंगलं. डिझेल नव्हतं. दगड आणि शेवाळ होतं, अगदी थोडं. कोळशातून ते कसं निसटलं ते सरांना कधीच सांगता आलं नाही. पुढे मुंबईचा कागद आला, त्यातही पाणी पास. मग तिथे मोठा, पक्का मनोरा उभा राहिला, आणि पुढची काही वर्षं उपसा चालू राहिला. विहीर अजून आहे.

नियमानं मात्र त्या सकाळची चाचणी नापास होती, कारण हुंगणाऱ्यानं चंबू वेगळा ओळखला होता. मी तक्ता भरायला बसले. वासाच्या रकान्यात आकडा लिहायचा असतो. मी बराच वेळ पेन धरून बसले आणि मग मराठीत एक शब्द लिहिला: विहिरीचा. सरांनी सही करताना तो वाचला, आणि खोडला नाही.